पाठ टेकली की संपलं

जावई म्हणजे सासऱ्यासमोर मान खाली घालून चहा पिणारा आणि सासरा उठला की ताडकन उठून उभा राहणारा प्राणी. आमच्या देनोव शहराकडं तरी हीच रीत आहे. आता असल्या माणसाला समोर उभा करून "मार माझ्या तोंडावर" असं सांगायची पाळी ज्या सासऱ्यावर येते, त्यानं काय करावं? मी केलं तेच करावं. शिव्या घालाव्यात.

"अरे, खाली काय बघतोयस? माझे बूट बघायला आलायस का इथं?"

"नाही, बाबा."

"इथं बाबा नाही म्हणायचं. इथं उस्ताद. मार."

मग तो हात उचलायचा आणि माझ्या गालाला असा लावायचा, की जणू माझ्या गालावरची माशी उडवतोय. आणि वर म्हणायचा, "लागलं नाही ना, बाबा?"

मी पोलात. बसस्थानकामागं कापसाचं जुनं गोदाम आहे, तिथं उभं आयुष्य मी पोरांना बॉक्सिंग शिकवलं. नाक मोडलंय, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि बायको गेल्यापासून माझ्या तोंडाला आवर घालणारं कुणी राहिलेलं नाही. एकुलती एक लेक, ओयनिसा. तिला मी डोंगराकडच्या गावात दिली, आणि दिली ती कुणाला, तर पैलवानाला! आमच्याकडची ती पट्ट्याची कुस्ती, कुराश, मला कधी आवडली नाही. एकमेकांचे पट्टे धरून दोन बैल घुमल्यासारखे घुमत राहतात झालं. पण हा जावई, एशकोबिल, मला आवडला होता. लग्नाच्या मांडवापुढं त्याची कुस्ती लागली की पार दुशान्बेच्या रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या राहायच्या. कितीही दांडगा गडी असो, तो त्याला उचलायचा, पाठीवर आपटायचा, पंच "हलोल!" असं ओरडायचा, आणि सगळं मैदान त्याच्यामागून ओरडायचं, "हलोल!" झाली कुस्ती निकाली. मग तो खाली पडलेल्याला हात द्यायचा, उठवायचा आणि त्याच्या पाठीवरची माती स्वतःच्या हातानं झाडायचा. बक्षिसाचा मेंढा त्यानंतर. आधी माती.

पण मेंढ्यांवर घर चालत नाही. दर वसंतात आमच्याकडचे पुरुष जातात तसा तोही रशियात बांधकामावर जायचा आणि डाळिंबं पिकली की परत यायचा. थोरला भाऊ रजब त्याच्या सोबत असायचा. दोन हिवाळ्यांमागं रजब परांचीवरून पडला. पत्र्याच्या पेटीतून घरी आला.

त्यानंतर ओयनिसा एकदा एकटीच माझ्या गोदामात आली. आजवर तिनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. पोरं ठोसे मारता मारता थांबली.

"बाबा, याला पुन्हा पाठवायचं नाही," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते करा. त्या दिवशी सासूबाईंना पेटीचं झाकण उघडू दिलं नाही कुणी. त्या पत्र्यावरून नुसता हात फिरवत होत्या. मला तसली पेटी नको."

"मी काय करू, पोरी? मी मंत्री आहे का?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही माझे बाप आहात."

झालं. बोलणं संपलं. गेली.

आणि काय योगायोग बघा, त्याच महिन्यात आमच्या क्रीडाशाळेच्या संचालकांनी मला बोलावून घेतलं. शहरातल्या पोरांना आता ते नवं वेड लागलंय ना, ठोसाही मारायचा, लाथही मारायची, पाडायचंही आणि पाडल्यावर जमिनीवरही झुंजायचं, तसल्या मिश्र लढतीचा विभाग शाळेत सुरू होणार होता. सरकारी प्रशिक्षकाची जागा. शरद ऋतूत तेर्मिझला वजनगटाची लढत आहे, ती जो जिंकेल त्याला जागा. संचालक म्हणाले, "पोलात-आका, तुमचा जावई पाडण्यात उस्ताद आहे. मारायला तुम्ही शिकवा. घरचा माणूस घरी राहील."

घरचा माणूस घरी राहील. एवढं ऐकलं आणि माझ्या या म्हाताऱ्या छातीत जीव मावेना. त्या वसंतात एशकोबिल रशियात गेला नाही. जागा मिळाली तर कायमचा घरी. नाही मिळाली तर पानगळीनंतर पुन्हा त्याच बसमध्ये. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, अगदी माझ्या चार वर्षांच्या नातीला, मोहीलासुद्धा. ती मला, आजोबाला, विचारायची, "बोवा, आमचे बाबा आज मारायला शिकले का?"

कुठला शिकतोय! पहिले काही आठवडे नुसती रड होती. एक तर सासऱ्यावर त्याचा हात उचलत नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्याचं दुखणं वेगळंच होतं.

"उस्ताद, यात जाकीट नाही, पट्टा नाही. उघड्या घामट अंगाला धरू कुठं?"

"कंबर धर."

"ते धरू देत नाहीत ना. कोपरं खाली ठेवतात."

आता मात्र मला हसू आलं. म्हटलं, "जावईबापू, तेवढ्यासाठीच तर सासरा केलाय. तोंडावर ठोसा आला की माणूस हात कुठं नेतो?"

त्यानं स्वतःचे हात वर नेऊन बघितले.

"आणि कोपरं?"

कोपरंही वर गेली होती. तो स्वतःच्या उघड्या बरगड्यांकडं बघत राहिला. मग वर बघितलं आणि हसला. सासऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून पहिल्यांदा हसला. "दार ठोठावायचं," तो म्हणाला, "आणि ते उघडलं की आत शिरायचं."

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. डावा, डावा, उजवा, समोरच्याचे हात वर, हा खाली वाकून आत, कमरेला मिठी, आणि धाडकन! माझी बॉक्सिंगची पोरं त्याच्यापुढं उभी राहायला घाबरू लागली. मी त्याला पाय कसे टाकायचे ते शिकवलं, त्यानं माझ्या पोरांना पडायचं कसं ते शिकवलं. खरं सांगतो, म्हातारपणी मी त्याच्याकडून शिकलो. बॉक्सिंगमध्ये जिथं आम्ही एकमेकांना बिलगतो आणि पंच येऊन सोडवतो, तिथं त्याची सगळी विद्या सुरू होत होती. दोन अर्धी भांडी जोडून एक सबंध होतंय असं मला वाटायला लागलं.

पण एक भोक राहत होतं, आणि ते बुजता बुजेना.

पाडलं की तो सोडायचा.

पाडलं, सोडलं, उभा. कुराशमध्ये जमिनीवरची झटापटच नाही. पाठ टेकली की संपलं. त्यानंतर पडलेल्याला हात लावायचा तो उठवण्यासाठी. सहा वर्षांचा असल्यापासून त्याच्या हातांना एवढंच ठाऊक होतं. मी बोंबलायचो, "वर पड! दाब! गळा धर!" तोवर हा वाकून पोराच्या पाठीवरची गोदामाची धूळ झाडत असायचा. एकदा तर म्हणालासुद्धा, "ऊठ बाळ, चांगला लढलास."

"चांगला लढलास? अरे गाढवा, तो आत्ता उठून तुझं नाक फोडेल!"

"चुकलं, उस्ताद."

"चुकलं, चुकलं! तेर्मिझला काय सांगशील, चुकलं?"

मी पोत्यात ओला भुसा भरला. तो पोत्याला पाडायचा आणि पोत्यावर अशी झडप घालायचा, की बघत राहावं. गुडघा पोटावर, हात मानेखाली, दुसऱ्या हातानं ठोसे. झकास! पोत्याऐवजी माणूस आला की पुन्हा पहिले पाढे. पोतं त्याला कधी पडलेला माणूस वाटलं नाही, हेच खरं दुखणं.

शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका दुपारी पोरांना घरी पाठवलं, दार लावलं आणि सदरा काढला.

"मला पाड."

"उस्ताद?"

"मला पाड आणि माझ्या छातीवर बस."

"तोबा! बाबा, हे काय बोलताय? मी तुमच्या छातीवर..."

"मग जा रशियात! जा, भावासारखी पेटी घेऊन ये!"

असं बोलायला नको होतं. पण ते तोंडातून निघालं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तो आला, दोन ठोसे मारले, खरे ठोसे, माझे हात वर गेले, आणि पुढच्या क्षणी मला गोदामाचं छत दिसलं. वाटलं, आता सोडतो. नाही सोडलं. तो वर आला. त्याचा गुडघा माझ्या छातीवर होता, हात मानेखाली, आणि तो रडत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखा. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तोंडावर पडत होतं. मला श्वास घेता येत नव्हता, पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाब, पोरा, दाब, सोडू नकोस.

हरलो म्हणून मी जमिनीवर हात आपटला तेव्हाच त्यानं सोडलं. मग माझ्या पायाशी बसून राहिला. मी त्याला म्हटलं, "आता तू लढवय्या झालास." दुसऱ्या दिवशी ओयनिसाकडून कळलं, त्या रात्री तो जेवला नव्हता.

पण त्या दिवसानंतर जमलं. पाडायचा आणि वर पडायचा. रोज. मी रोज बघत होतो, डोळ्यांत तेल घालून. एकदाही सोडलं नाही त्यानं. म्हणून तर तेर्मिझला निघताना मी ओयनिसाला म्हटलं, "पोरी, त्याच्या रशियाच्या पिशव्या कुणाला तरी देऊन टाक." आणि तिनं त्या खरंच शेजारणीला दिल्या.

*

एशकोबिलच्या गावानं चूक केली असं मी म्हणत नाही. गावानं प्रेम केलं. पण तुम्हाला सांगतो, त्या प्रेमाच्या नावानं मी आजही बोटं मोडतो.

आम्ही दोघंच गुपचूप जाणार होतो. पण गावात कुठली गोष्ट गुपचूप राहते? रविवारी दुपारी आम्ही तेर्मिझच्या क्रीडागृहात शिरलो, तर समोरचा आख्खा कोपरा त्याच्या गावानं भरलेला. दोन बस करून आले होते. टोप्या, झगे, थर्मास, रोट्या, डाळिंबं, कुणीतरी चक्क कर्णा आणला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, मधल्या खुर्चीवर, नोर्ता पैलवान. एशकोबिलचा पहिला गुरू. पांढरी दाढी, काठी. ऐंशी गाठलेला हा म्हातारा अजूनही आमच्याकडच्या सगळ्या लग्नांतल्या कुस्त्यांचा पंच असतो. त्याचा हात वर गेला म्हणजे गेला, त्यापुढं कुणाची मजाल नाही.

मी त्याच्याजवळ गेलो. सलाम केला. म्हटलं, "बोवा, कशाला त्रास घेतलात? ही कुराश नव्हे. यात रक्त निघतं."

"पोलात," तो म्हणाला, "माझा पोरगा उतरतोय. मी घरी बसू?"

मी कोपऱ्यात परत आलो. एशकोबिलनं लांबूनच छातीवर हात ठेवून म्हाताऱ्याला लवून नमस्कार केला. मी त्याचं तोंड धरून माझ्याकडं वळवलं. "तिकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघ. पाडल्यावर काय?"

"वर पडायचं."

"मग?"

"सोडायचं नाही."

"शाब्बास."

समोरचा पोरगा कार्शीचा होता, इल्गोर नावाचा. तरुण, सडपातळ, लांब पायांचा. साम्बो शिकलेला; म्हणजे जमिनीवर पडल्यावर ज्याचा खेळ सुरू होतो असला. पहिल्या फेरीत त्यानं एशकोबिलच्या मांडीवर लाथा मारून मारून मांडी लाल केली. पण आमचा गडी डगमगला नाही. डावा, डावा, आणि मागं. डावा, डावा, आणि मागं. मी सांगितलं होतं तसं. फेरी संपताना इल्गोर तोंडानं श्वास घेत होता. मी एशकोबिलच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि त्याच्या कानात म्हटलं, "दार सैल झालंय. आता उजवा घाल आणि शिर आत."

दुसरी फेरी. डावा. डावा. उजवा असा बसला, की आवाज मला माझ्या बहिऱ्या कानानंही ऐकू आला. इल्गोरचे दोन्ही हात वर गेले. एशकोबिल आत शिरला. कमरेला मिठी बसली. मी उभाच राहिलो. त्यानं त्या पोराला उचललं, आणि काय उचललं! पाय आडवे हवेत, छताच्या दिव्यांकडं तोंड, आणि सबंध पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत एकसाथ, धप्प! असली सुंदर फेक मी आयुष्यात पाहिली नाही. इल्गोरच्या छातीतला वारा बाहेर पडल्याचा आवाज आला. आता नुसतं वर पडायचं होतं. डोळे मिटून जरी पडला असता तरी संपलं होतं.

आणि तेव्हा गाव उठलं.

"हलोल!"

दोन बसभर माणसं एका घशानं ओरडली. कर्णा वाजला. मी मान वळवली, तर नोर्ता पैलवान काठी टाकून उभा होता आणि त्याचा उजवा हात वर गेलेला होता. निकाल दिल्यासारखा. म्हाताऱ्याला भानच नव्हतं, तो कुठं बसलाय ते. त्यानं असली फेक पाहिली आणि त्याचा हात आपोआप वर गेला, जसा तो आयुष्यभर जात आला होता.

एशकोबिलनं सोडलं.

"वर पड!" मी किंचाळलो. "एश! वर पड, वर!" माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तो सरळ उभा राहिला. त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला. चेहऱ्यावर नुसतं सुख होतं. इतक्या महिन्यांत तो माझ्या गोदामात एकदाही तसा दिसला नव्हता. मग तो वाकला. पडलेल्या पोराला उठवायला त्यानं उजवा हात पुढं केला.

इल्गोरनं तो हात धरला.

दोन्ही हातांनी मनगट धरलं, लांब पाय वर आले, एक गळ्यावरून, एक छातीवरून, आणि एशकोबिल खाली ओढला गेला. हात मांड्यांमध्ये सापडला, कोपर उलटं. अशा वेळी समोरच्याच्या अंगावर थोपटायचं असतं. थोपटलं की हार मान्य आणि सुटका. पण आमच्या कुराशमध्ये हार मान्य करणं नावाचा प्रकार नाही. पडलास तर पडलास, नाही तर उभा आहेस. तो थोपटत नव्हता. तो गोंधळून बघत होता नुसता, हे काय चाललंय अशा नजरेनं, कारण त्याच्या हिशोबानं कुस्ती संपलेली होती. त्याच्या वतीनं हार मान्य करायला मी टॉवेल शोधला. टॉवेल माझ्याच खांद्यावर होता. मी तो फेकला तोवर कडकन आवाज आला होता.

आख्खं गाव तसंच उभं होतं, हात वर, तोंडं उघडी. कर्णेवाला कर्णा खाली घ्यायला विसरला होता.

*

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, कोपर जुळेल, पण सरळ होणार नाही. कुस्ती विसरा.

आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, तेव्हा इल्गोर आला. भुवई शिवलेली, हातात सफरचंदांची पिशवी. एशकोबिलपुढं उकिडवा बसला. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला एक तरी धड शिवी देता आली असती.

"आका," तो म्हणाला, "मी संपलो होतो. मला श्वास येत नव्हता, डोळ्यांपुढं अंधार होता. तुम्ही नुसते वर बसला असतात तरी मी हात आपटला असता. का सोडलंत?"

एशकोबिलनं त्याच्याकडं बघितलं. त्याला प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं.

"तू पडला होतास," तो म्हणाला.

इल्गोर रडायला लागला. मी उठून बाहेर गेलो आणि भिंतीवर लाथ मारली.

तीन दिवसांनी गाव घरी आलं. आनंदानं आलं, हो, आनंदानं! सगळ्या गावानं चहाच्या दुकानात बसून आपापसात निकाल लावून टाकला होता, की एशकोबिल जिंकला. फेक सगळ्यांनी पाहिली, पाठ पूर्ण टेकली, पंचाचा हात वर गेला. पुढं जे झालं ते खेळ संपल्यावरचं, ते मोजायचं नाही. एक मोठा शिंगाळ मेंढा आणून अंगणात बांधला. नोर्ता पैलवानानं स्वतःच्या अंगावरचा झगा काढून एशकोबिलच्या खांद्यांवर घातला. प्लास्टरमधल्या हातामुळं तो एका बाजूनं घसरत होता. म्हातारा म्हणाला, "असली निखळ कुस्ती या डोळ्यांनी पाहिली. आता मेलो तरी चालेल."

माझा तोल गेला.

"तुम्ही मराल हो, बोवा, तुमचं वय झालंय!" मी ओरडलो. "याचं काय? जिंकला म्हणे! मग जागा द्या त्याला! आहे तुमच्याजवळ जागा? आहे पगार? तो हरला! ऐकताय? तुम्ही ओरडलात म्हणून हरला! तुमच्या त्या हातानं हरवलं त्याला!"

नोर्ता पैलवान आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा असावा. मग तो तसाच, झग्याविना, खाली बसला.

"बाबा," एशकोबिल हळूच म्हणाला, "पाहुणे आहेत." आणि तो उठला, डाव्या हातानं किटली घेतली आणि म्हाताऱ्याच्या प्याल्यात चहा ओतला. डाव्या हातानं वाढतोय म्हणून त्यानं आधी माफी मागितली.

संचालकांना मी दोनदा भेटलो. ते भले आहेत. त्यांनी मला बसवलं, मलिदा खाऊ घातला, आणि म्हणाले, "पोलात-आका, वरून जे ठरलंय ते ठरलंय." जागा इल्गोरला मिळाली. आता तो आमच्याच देनोवमध्ये भाड्यानं राहतो आणि माझ्याच गोदामाच्या अर्ध्या भागात शिकवतो. माझी पोरं त्याच्याकडं जातात. पाडतात आणि वर पडतात, पाडतात आणि वर पडतात. एकही सोडत नाही. मी बघतो आणि मला काहीच वाटत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात कोपरात वाकलेलाच राहिला होता. चुलतभावाचा फोन आला, बर्फ लोटायला माणसं हवीत, वाकडा हात चालतो. ओयनिसा शेजारणीकडं जाऊन पिशव्या परत मागून घेऊन आली. कशा मागितल्या असतील तिनं? मला विचारायचं धाडस झालं नाही.

निघायच्या सकाळी मी गेलो होतो. बस नऊला होती. त्याची आई कोपऱ्यात तसबीह, जपाची माळ, फिरवत होती. मोही बापाच्या पायाला बिलगली होती. आमच्याकडं दूर जाणारा माणूस ताज्या रोटीचा एक घास तोडतो आणि उरलेली रोटी घरात खिळ्याला टांगून ठेवतात. तो परत आला की ती रोटी तोच संपवतो. तोवर तिला कुणी हात लावत नाही. त्या घरात एका खिळ्याला रजबची रोटी अजून लटकतेय. दगड झालाय तिचा. ती काढायला कुणाचा हात धजत नाही.

एशकोबिलनं तंदूरमधून आलेली रोटी डाव्या हातानं उचलली, कडेचा एक घास तोंडानं तोडला आणि रोटी ओयनिसाच्या हातात दिली. मग आईच्या पाया पडला, माझ्यासमोर छातीवर हात ठेवून वाकला. त्यानं पिशव्या एकाच खांद्यावर घेतल्या आणि फाटकातून बाहेर पडला. मोही रस्त्यापर्यंत धावली आणि परत आली.

ओयनिसा रोटी हातात धरून भिंतीपुढं उभी होती. रजबच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा होता, मोकळा. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. मग ती वळली, ओट्यावर येऊन बसली, आणि तिनं रोटीचा एक तुकडा तोडून तोंडात घातला.

सासूच्या हातातली तसबीह थांबली. "सूनबाई!" ती म्हणाली. "अगं, काय करतेस हे?"

ओयनिसा सावकाश चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं दुसरा तुकडा तोडला आणि मोहीच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "ताजी आहे तोवर खाऊन घे."